हंस आणि नेवाळीची धावपट्टी

माझे मामा अंबरनाथ पूर्वेला, शिलाहारकालीन शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत राहतात आणि मी बदलापुरास. मध्ये लोकलचे जेमतेम काही मिनिटांचे अंतर असल्यामुळे रविवारची सकाळ त्यांच्या घरी काढायची हा आमचा परिपाठ अनेक वर्षांत क्वचितच चुकला असेल. ज्या गावात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली, जिच्या आसपास आयुधनिर्माणीच्या भट्ट्या आणि पुढे औद्योगिक वसाहतीतल्या लहानमोठ्या वर्कशॉपांची यंत्रे अहोरात्र चालू लागली, त्या गावात टर्नर, फिटर आणि टूलमेकर यांची एक बिरादरीच तयार झाली. मामा त्या बिरादरीतले. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची उभी नोकरी गेली आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग आजही त्यांच्या बोटांना कळतो. मला विमानांचा छंद आहे. बाल्साच्या फळ्या तासून, त्यांवर कागद ताणून लहान विमाने करावीत आणि मोकळ्या माळावर ती हातातून सोडावीत, हे मी शाळेत असल्यापासून करीत आलो आहे. आकाशात नवी आकृती आल्याची वार्ता कानी आली की माझा दिवस निराळा उगवतो.

त्या रविवारी मी कापडी पिशवीत एक मॉडेल घेऊन गेलो होतो. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, घडवलेल्या ‘हंस’ या दोन आसनी विमानाची नवी आवृत्ती, जिला हंस-3 एनजी म्हणतात, तिची ती एक दशांश प्रतिकृती होती. खऱ्या विमानाचा पंखविस्तार साडेदहा मीटरच्या आसपास, म्हणून माझ्या प्रतिकृतीचा एक मीटरहून किंचित अधिक. या नव्या आवृत्तीचे पहिले उड्डाण 3 सप्टेंबर 2021 रोजी बंगळुरास झाले, 2025 मध्ये तिच्या उत्पादनाचे काम एका मुंबईकर कंपनीकडे सोपवण्यात आले, आणि तेव्हापासून आमच्या छंदिष्ट मंडळींत जो आनंद पसरला त्याचा मीही एक वाटेकरी होतो. तो आनंद मामांच्या पुढ्यात ओतावा, एवढाच माझा हेतू होता.

मामांनी चष्मा पुसला, मॉडेल हातात घेऊन सर्व बाजूंनी पाहिले, पंख धडाला जिथे मिळतो त्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि विचारले, “इंजिन कुणाचे?”

“ऑस्ट्रियाचे. रोटॅक्स. शंभर अश्वशक्तीचे.”

“फेरे?”

“मिनिटाला जास्तीत जास्त पाच हजार आठशे. पण पंख्याला ते थेट जोडलेले नाही, मध्ये 2.43 ला एक असा गिअर आहे.”

मामांनी वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीने भागाकार मांडला. “दोन हजार तीनशे सत्त्याऐंशी. म्हणजे इंजिन लहान आणि हलके ठेवायचे, त्याला भरधाव पळू द्यायचे आणि पंख्याची टोके मात्र आटोक्यात राहतील अशा बेताने फिरवायची. चांगली युक्ती आहे. थंड कशाने होते? हवेने की पाण्याने?”

“दोन्हींनी. सिलिंडर हवेने, त्यांची डोकी पाण्याने.”

“हं,” मामा म्हणाले, आणि त्या एका हुंकारात टूलरूमची जितकी प्रशंसा मावते तितकी सगळी होती. “आणि पेट्रोल?”

इथे मला वाटले की बाजी माझी आहे. रोटॅक्सचे हे इंजिन मोटारीच्या पेट्रोलवरही चालते, विमानांचे जे खास पेट्रोल जागोजाग मिळत नाही आणि मिळाले तर महाग पडते त्याच्यावाचून त्याचे अडत नाही, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. परवान्यासाठी दोनशे तास उडावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला तासागणिक किती बचत होईल, याचे चित्रही मी रंगवले.

मामांनी ते शांतपणे ऐकून घेतले. “बदलापूरच्या पंपावर आज जे पेट्रोल मिळते त्यात इथेनॉल किती?”

“वीस टक्के.”

“आणि या इंजिनाला किती चालते?”

मला उत्तर ठाऊक होते आणि तरीही ते द्यायला क्षणभर वेळ लागला. “दहापर्यंत.”

“मग पंपावरचे चालत नाही, असे म्हण. तू खोटे बोललास असे मी म्हणत नाही. तू पत्रकातले अर्धे वाक्य उचललेस. मोटारीचे पेट्रोल चालते हे ऑस्ट्रियात खरे आहे, इथे ते खरे ठरायला वेगळे पेट्रोल पुरवणारा कुणी तरी लागेल. नव्या यंत्राचे कौतुक करताना आपण नेमके कशाचे कौतुक करतो आहोत, याचा हिशेब आधी मांडावा.”

आमच्या दोघांच्या वृत्तींमधला भेद तिथेच उघड झाला आणि पुढचे दोन तास त्या भेदाच्याच काठाने गेले. माझे म्हणणे असे होते की नवीन आकृती पाहून ज्याचे मन उचंबळत नाही त्याच्या हातून नवीन काही घडणार नाही. या देशात वैमानिक शिकतात ते मुख्यतः सेस्ना, डायमंड, टेक्नाम अशा परदेशी विमानांवर, आणि अशा वेळी घरचा एक पंख आकाशात गेला असता त्याच्या पेट्रोलचे टक्के मोजत बसणे ही कोत्या मनाची गोष्ट होय. अमेरिकेने 2004 साली हलक्या क्रीडाविमानांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला, सहाशे किलोंची मर्यादा, दोन माणसे, एक इंजिन, न मिटणारी चाके अशा सोप्या अटी घातल्या, आणि तेवढ्या सवलतीमुळे जगभर शेकडो लहान कारागिरांना हुरूप आला. 2025 च्या जुलैत तर त्यांनी ती वजनाची अटही काढून टाकली आणि विमान किती हळू उडू शकते यावर वर्गवारी आणून ठेवली. आपला हंस त्या वर्गाचा सख्खा नव्हे, चुलत म्हणावा लागेल, कारण मूळ हंस-3 ला जे युरोपीय नियम लावले गेले त्यांची मर्यादा साडेसातशे किलोंची आहे. पण कूळ तेच. नियम सैल झाले की कल्पना फुलतात, असा माझा सिद्धान्त होता.

मामांचे मत नेमके उलट. “1993 च्या नोव्हेंबरात पहिला हंस उडाला आणि त्याला प्रमाणपत्र मिळायला 2000 साल उजाडले, हे तूच मागे हळहळत सांगितले होतेस. मला त्यात हळहळण्याजोगे फारसे दिसत नाही. सात वर्षे दफ्तरात धूळ खात पडली असतील तर ती वाया गेली. पण ती जर मोजण्यात, तोडून पाहण्यात, पुन्हा बांधण्यात गेली असतील, तर तीच त्या विमानाची खरी मिळकत. कागद आणि काम यांत तू नेहमी फरक करतोस. टूलरूममध्ये तो फरक नसतो. जॉबवर इन्स्पेक्शनचा शिक्का नसेल तर तो जॉब झालेलाच नसतो.”

यावर मी त्यांना चल्लकेरेची हकीकत सांगितली. आणि ती सांगताना मी प्रथमच त्यांच्या बाजूने बोलतो आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. 2022 च्या मे महिन्यात कर्नाटकातील चल्लकेरेच्या चाचणीक्षेत्रावर या नव्या हंसाची एक परीक्षा घेण्यात आली. सात-आठ हजार फुटांवर विमान न्यायचे, तिथे वैमानिकाने आपल्या हाताने इंजिन बंद करायचे, एकुलते एक इंजिन, आणि मग विमान घसरत असताना, वाऱ्याने पंखा फिरवत किंवा स्टार्टरने, ते पुन्हा सुरू करून दाखवायचे. मी ते वर्णन करू लागलो तसा मामांचा चहाचा कप बशीवर टेकला तो तिथेच राहिला.

“आवाज एकदम थांबत असेल,” ते म्हणाले.

“थांबतो. वाऱ्याचा तेवढा राहतो.”

“आणि ते सुरू झालेच नाही तर?”

“तर खाली धावपट्टीवर इंजिनाशिवाय उतरायचे. म्हणूनच ही परीक्षा तशा जागी घेतात. इंजिन दर वेळी सुरू झाले.”

मामा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर विशेष काही नव्हते; समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या होत्या आणि त्यांच्या वरून मलंगगडाची निळसर रांग दिसत होती. “तुझ्या त्या सगळ्या चित्रांपेक्षा,” ते अखेर म्हणाले, “मला हे जास्त आवडले. ज्या माणसाने त्या उंचीवर आपल्या हाताने किल्ली फिरवली, त्याचा त्या इंजिनावर विश्वास होता असे तू म्हणशील. मला वाटते, त्याचा विश्वास खाली ज्यांनी प्रत्येक नळी आणि प्रत्येक जोड तपासला त्या माणसांवर होता. त्यांची नावे तुझ्या मासिकात येत नाहीत.”

एक नाव येते, असे मी म्हणालो, आणि त्यांना रुस्तम दमानिया यांच्याविषयी सांगितले. एनएएलमध्ये हलक्या विमानांच्या कामाचे नेतृत्व त्यांनी केले. 1987 साली उडालेले छोटे संशोधन-विमान, ज्याचे लहान पंख पुढे आणि मोठे मागे अशी विलक्षण मांडणी होती, तेही त्यांच्याच चमूचे आणि त्यानंतरचा हंसही. 2001 साली ते गेले. पुढे देशाच्या एका वैमानिकरहित विमानाला ‘रुस्तम’ हे नाव देण्यात आले ते त्यांच्या स्मरणार्थ. मामांनी ते नाव एकदा स्वतःशी उच्चारले. मोठ्या विमानाच्या कामात भांडवल आहे, मान आहे, राज्यकर्त्यांचे लक्ष आहे. शिकाऊ मुलांसाठी दोन खुर्च्यांचे साधे विमान करण्यात आयुष्य घालणे याला निराळी माया लागते, असे माझे मत आहे आणि ते मी तिथेही बोलून दाखवले. त्या मुद्द्यावर आमच्यात वाद झाला नाही.

वाद झाला तो पदार्थावरून. हंसाचे अंग धातूचे नाही. काचतंतूंचे पदर रेझिनमध्ये भिजवून, साच्यात दाबून ते केलेले आहे, हे ऐकून मामांचा चेहरा उतरला. धातू प्रामाणिक असतो, असे त्यांचे म्हणणे. पत्र्याला तडा जाण्यापूर्वी तो खूण देतो, रिव्हेटभोवती काळपट वर्तुळ दिसते, वाकतो, कुरकुरतो. पदरांची ही वस्तू मात्र वरून गुळगुळीत राहते आणि आतून सुटलेली असू शकते. “तिचे पोट कसे तपासतात?” त्यांनी विचारले.

“नाण्याने वाजवून.”

त्यांना ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हे. यंत्रे पुष्कळ निघाली असली तरी आजही पदरी पृष्ठभागाची पहिली तपासणी हलके हलके टकटक करूनच होते. पदर एकमेकांना घट्ट असतील तर नाद स्वच्छ येतो, सुटले असतील तर तो बसका होतो. मामा उठले. त्यांच्या खोलीत उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून वीस वर्षांपूर्वी आणलेले कपाट आहे, प्लायवुडवर सनमायका चढवलेले. त्याच्यासमोर उभे राहून त्यांनी खिशातून पाच रुपयांचे जाड नाणे काढले आणि दारावर वरून खाली ठोकत आले. टक, टक, टक. मग डाव्या बिजागरीच्या खाली, जिथे वीस पावसाळ्यांची ओल मुरली असेल तिथे, ठप. त्यांनी पुन्हा वाजवले. ठप. पेन्सिल काढून त्यांनी त्या बसक्या आवाजाची हद्द कपाटावर आखत नेली, आणि तळहाताएवढा एक वेडावाकडा आकार दारावर उमटला. वरून सनमायका आरशासारखा होता. डोळ्यांना त्या जागी काहीही दिसत नव्हते.

“मामी ओरडेल,” मी म्हणालो.

“ओरडू दे. वीस वर्षे मी हे कपाट उघडतो-मिटतो आहे आणि मला हे माहीत नव्हते.” ते खुर्चीवर येऊन बसले तेव्हा काचतंतूंविषयीचा त्यांचा राग बराच निवळला होता, ज्या वस्तूला विचारता येते आणि जी उत्तर देते ती वस्तू त्यांच्या दृष्टीने परकी राहत नाही.

उल्हासनगरचा विषय निघाला तो असा. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली माणसे कल्याणच्या युद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि पाहता पाहता त्या बराकींतून अशी एक कारागिरी उभी राहिली की कोणतीही वस्तू नमुना म्हणून पुढे ठेवावी आणि चार दिवसांनी तिची जोडी घेऊन जावी. मी म्हणालो की उल्हासनगरचा हात, अंबरनाथची यंत्रे आणि बदलापूर-डोंबिवलीतून रोज लोकलने मुंबईला जाणारी अभियंत्यांची फौज, एवढे साहित्य एका नदीच्या खोऱ्यात हजर असताना हंसाचा कारखाना आंध्रातल्या कुप्पमला का जावा? कंपनी मुंबईची, मग त्याचे निदान सुटे भाग तरी इथे का होऊ नयेत? कांदिवलीच्या चारकोपात, एका इमारतीच्या गच्चीवर, कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान बांधले, 2016 च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांपुढे मांडले, तेव्हा आमच्यासारख्यांची छाती किती फुगली होती! एका माणसाला गच्चीवर जे साधले ते एका अख्ख्या तालुक्याला का साधू नये?

मामांनी यादवांचे नाव आदराने घेतले. नोंदणीचा अर्ज 2011 सालचा आणि नोंदणी 2017 च्या नोव्हेंबरातली, एवढा काळ ज्याने धीर सोडला नाही तो आपल्या बिरादरीतला, असे ते म्हणाले. पण नमुन्यावरून नक्कल करण्याच्या गोष्टीवर ते ताठ झाले, आणि त्यांनी मला आपल्या तरुणपणची एक गोष्ट सांगितली. ते उमेदवार असताना एका वर्कशॉपमध्ये एका दाबयंत्राच्या फिक्स्चरचा बोल्ट तुटला आणि दुसरा हाताशी नव्हता म्हणून कुणी तरी तशाच आट्यांचा, तशाच लांबीचा, काळ्या रंगाचाही तसाच बोल्ट बाजारातून आणून बसवला. दोन्ही हातात घेतले तर वजनात फरक कळला नसता. तिसऱ्या दिवशी तो मानेतून तुटला आणि त्याचे डोके मामांच्या कानाजवळून जाऊन भिंतीत रुतले.

“मी ते डोके भिंतीतून उकरून काढले,” मामा म्हणाले, “आणि पाहिले. मूळ बोल्टाच्या डोक्यावर 8.8 असे कोरलेले होते, याचे डोके कोरे. पहिला आकडा तो किती ओढीला तुटेल हे सांगतो, दुसरा त्या ओढीच्या कितव्या भागाला तो कायमचा ताणला जाईल हे. दोन बारीक आकडे, पण त्यांच्यामागे लोखंड कुठले, भट्टीत किती तापवले, कशात विझवले, कुणी तोडून पाहिले, एवढी सारी वंशावळ असते. उल्हासनगरचा कारागीर आकार हुबेहूब देईल, माझ्यापेक्षाही सरस देईल. मी त्या माणसांना तीस वर्षे ओळखतो आणि उपाशीपोटी शिकलेल्या त्या हातांना माझा नमस्कार आहे. पण वंशावळ नमुन्यात नसते. ती नमुन्याबरोबर येत नाही. तुझ्या हंसाचे भाग इथे व्हावेत असे तुला मनापासून वाटत असेल, तर इथे आधी तोडून पाहणाऱ्याची खोली हवी, आणि तिला दुकानाइतकाच मान हवा.”

मला वाटते, त्या सकाळी मामा जे काही बोलले त्यांत हे सर्वांत महत्त्वाचे होते. आपल्या मराठी मनाला विमानाची ओढ आजची नाही. 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आम्ही लहानपणी ऐकली आणि रोमांचित झालो. पण ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चे नाव त्या कथेबरोबर घेतले जाते, त्यातील आकृत्या 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी गणिताने तपासल्या आणि त्या उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला, हे मात्र त्या कथेबरोबर आम्हाला कुणी सांगितले नाही. तळपदे यांनी काही तरी करून पाहिले असेल तर त्या धडपडीबद्दल मला ममता वाटते. त्यांच्यावर अन्याय केला तो टीकाकारांनी नव्हे. परीक्षेविना ज्यांनी त्यांचा जयजयकार केला त्यांनी केला, कारण जयजयकाराच्या गलबल्यात त्यांच्या हाताने खरोखर काय घडले होते हे जाणून घ्यायची वाटच बुजून गेली.

मामी या वेळेपर्यंत स्वयंपाकघरात होती. कपाटावरची पेन्सिल तिने पाहिली, काही बोलली नाही, आणि भेंडीची परात घेऊन आमच्याजवळ येऊन बसली. मी तेव्हा नेवाळीचे स्वप्न सांगत होतो. अंबरनाथ आणि कल्याण यांच्या मधे, मलंगगडाच्या रस्त्याला, दुसऱ्या महायुद्धात बांधलेली जुनी धावपट्टी आहे. जुहूचा विमानतळ 1928 चा, तिथे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तसा आपल्या खोऱ्यालाही वैमानिक इतिहास आहे, आणि त्या पट्टीवर शिकाऊ मुलांचे हंस उडू लागले तर बदलापूरच्या एखाद्या फिटरच्या मुलीला वैमानिक होण्यासाठी दूरदेशी जावे लागणार नाही, असे मी बोलत होतो.

“ती जमीन कुणाची आहे?” मामीने भेंडीचे देठ खुडता खुडता विचारले.

“नौदलाची, असे सरकार म्हणते.”

“आणि नेवाळी-भालचे लोक काय म्हणतात?”

ते काय म्हणतात हे या भागात सर्वांना माहीत आहे. युद्धासाठी म्हणून आजोबांची शेते ताब्यात घेतली, युद्ध संपल्यावर ती परत मिळायला हवी होती, सात-बाराच्या आणि फेरफाराच्या नोंदींचा न्याय झाला नाही, असे ते म्हणतात. 2017 च्या जूनमध्ये कुंपणाच्या कामावरून आंदोलन चिघळले, वाहने जळली, माणसे जखमी झाली. मधल्या काळात त्याच जमिनीवर मोठा विमानतळ व्हावा अशी सूचनाही एकदा आली आणि गेली. मामी म्हणाली, “ही भेंडी त्या अंगाच्या बाईकडून आणलेली आहे. ती दर आठवड्याला येते. तुझे विमान साडेसातशे किलोंचे असेल, पण त्याला उतरायला जे लागते त्याचे वजन तू धरलेस का?”

मी निरुत्तर झालो. आणि खरे सांगायचे तर आजही मला त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. हलके विमान लहान पट्टीवर उतरते, त्याला मोठ्या विमानतळासारखी हजारो एकर लागत नाहीत, हे खरे. पण ज्याच्या शेताची कैफियत पाऊणशे वर्षे ऐकली गेली नाही त्याला एकरांचा हिशेब सांगून काय होणार? शिवाय एका अंगाला सांताक्रूझ आणि दुसऱ्या अंगाला 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालेले नवी मुंबई, अशा दोन महाद्वारांच्या मधल्या आकाशात शिकाऊ पाखरांना मोकळीक कितपत मिळेल, हाही प्रश्न आहेच. माझे मत एवढेच बनले आहे की नेवाळीचा तंटा शेतकऱ्यांना मान्य होईल अशा रीतीने मिटल्यावाचून त्या पट्टीवर विमानाचे स्वप्न पाहू नये. मुलीला वैमानिक करण्याचे स्वप्न सोडण्याचे मात्र कारण नाही; उड्डाण शिकायला धुळे आहे, बारामती आहे, आणि आपल्याच देशात बनलेले विमान जितके तिथे जाईल तितका तिचा खर्च उतरेल. मामांना हे पटले. मामीने मान हलवली नाही आणि नाकारलेही नाही.

ऊन कलल्यावर आम्ही चिखलोलीकडच्या माळावर गेलो. मामा आजवर एकदाही माझ्याबरोबर विमान उडवायला आले नव्हते. त्या दिवशी त्यांनी स्वतः पिशवी उचलली. मॉडेल अद्याप एकदाही सोडलेले नव्हते. मी त्यांना तोल पाहायची रीत दाखवली: पंखाच्या रुंदीचा पुढून चौथा हिस्सा जिथे येतो त्याच्या किंचित मागे, दोन्ही पंखांखाली एकेक तर्जनी टेकवायची आणि विमान कोणत्या अंगाला कलते ते पाहायचे. शेपटी खाली गेली. मामांनी खिशात हात घातला, तर तिथे पितळेचे चार-पाच छोटे नट होते. ते घरून निघताना त्यांनी घेतले होते आणि मला सांगितले नव्हते. एक नट नाकात, मेण लावून. शेपटी खालीच. दुसरा. ती थरथरली. तिसरा घातल्यावर हंस त्यांच्या दोन बोटांवर आडवा, निश्चल राहिला, आणि माळावरच्या झुळकीने त्याचे पंख किंचित कंप पावत असताना मामा श्वास रोखून त्याच्याकडे पाहत उभे होते.

“तुम्ही सोडा,” मी म्हणालो.

त्यांनी वाऱ्याच्या तोंडी पाऊल टाकले आणि भाला फेकावा तसे नव्हे, तर ताटातले पाणी सांडू नये अशा बेताने हात पुढे नेला. विमान हातातून सुटले, दहा-बारा हात सरळ गेले आणि मग नाक खाली घालून गवतात शिरले. मी धावलो, काही मोडले नव्हते.

“नाक जड झाले,” मामा मागून येत म्हणाले. “बोटांवर तोल बरोबर होता, तरी जड झाले. का रे?”

मी त्यांना शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन दाखवू लागलो, पण त्यांनी मला हाताने थांबवले. ते गुडघ्यांवर बसले, नाकातले मेण नखाने सोलले, तिसरा नट बाहेर काढला, तो तळहातावर धरून त्याचे वजन पाहिले आणि खिशातली छोटी कानस काढून त्याच्या कडा घासायला सुरुवात केली. पितळेची पिवळी भुकटी त्यांच्या धोतरावर पडत होती. “अर्धाच हवा,” ते म्हणाले. “पाहू या.”